नदीले इटाय लागत नही

कानबाईच्या सोमवारी माझ्या हातात आरतीचं ताट होतं आणि खांद्याच्या पिशवीत काचेच्या तीन बाटल्या. प्रत्येक तीनशे मिलिलिटरची, अरुंद तोंडाची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची. केमिस्ट्रीच्या मॅडमकडून मागून आणलेल्या, त्यामुळे ताटापेक्षा जीव बाटल्यांतच जास्त अडकलेला. श्रावणातल्या नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण आणि गाणी, आणि सोमवारी सकाळी डफाच्या तालावर कानबाई नदीवर. आमची नदी अमरावती. विदर्भातलं शहर नव्हे. ती मालपूरला धरणात अडते, तिथून उरलीसुरली दोंडाईच्यातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. वर्षातले बरेच महिने ती नसतेच, नुसती तिची जागा असते. श्रावणात पाऊस बरा झाला तर मात्र देवीला निरोप द्यायला पुरेल एवढं पाणी येतं.

आरती झाली, बायका पांगल्या, तशी मी पदर खोचून काठाशी बसले. बाटली तिरपी धरून पाण्याखाली भरली, एकही बुडबुडा आत राहू न देता. मग ड्रॉपरनं मॅंगनीज सल्फेट, त्यावर अल्कली आयोडाइड अझाइड. बूच लावून बाटली चार-पाच वेळा उलटीपालटी केली की आत साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा. पांढरा साका मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, एका उन्हाळ्यात, याच नदीच्या खालच्या अंगाला, जिथे तेव्हा गावाच्या गटारांखेरीज दुसरं काहीच वाहत नव्हतं. दुधासारखा पांढराशुभ्र. इतकं स्वच्छ दिसणारं वाईट चिन्ह दुसरं नसेल.

"काय करी ऱ्हायनी?" मागून सासूबाईंचा आवाज. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कानबाईला चालतच येतात.

मी बाटली उजेडात धरून दाखवली. म्हटलं, आई, हा रंग आला म्हणजे पाण्यात हवा आहे.

"नदीमां हवा नही तं काय ऱ्हाई?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, मी दुसऱ्या बाटलीचं बूच पुसत असताना, "नदीले इटाय लागत नही, पोरी. माणूसले लागस." आणि शेवटी, खऱ्या हिशेबाच्या बाईसारखं, "मंग आंग धवानं का नही, ते सांग."

मी दोंडाईच्यात सव्वीस वर्षं गणित शिकवते. आंघोळ करावी की नाही, या प्रश्नाचं उत्तर मला सरळ देता यायला हवं होतं. सरकारनं तर तशी सोयच करून ठेवलीय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्यांचे वर्ग पाडलेत, त्यातला 'ब' वर्ग उघड्यावरच्या सामूहिक स्नानासाठी. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५, कोलिफॉर्म जिवाणू शंभर मिलिलिटरमागे पाचशेच्या आत. म्हणजे ज्याला आपण पर्वणी म्हणतो त्यालाही सरकारदरबारी एक अक्षर आहे. पण सासूबाईंचा प्रश्न नुसता त्वचेचा नव्हता. त्या विचारत होत्या की तुझा आकडा आणि माझा विटाळ एकाच वस्तूबद्दल बोलतायत का. एकच असतील तर दोघींपैकी एक चूक. वेगळे असतील तर मी देवीच्या पाण्यात बाटली कशाला बुडवतेय?

याचं जे उत्तर शिकले-सवरलेले लोक देतात ते मला फार वर्षं पटत आलं होतं. स्वच्छता वेगळी, पावित्र्य वेगळं. स्वच्छता प्रयोगशाळेत मोजायची, पावित्र्य मनात ठेवायचं. दोन खाती, दोन पासबुकं. वाराणसीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांचं उदाहरण या बाबतीत हमखास दिलं जातं. ते बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक्सचे प्राध्यापक होते आणि पहाटे गंगेत बुडी मारणारे महंतही. पाण्यात काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. १९८२ साली त्यांनीच संकटमोचन फाउंडेशन काढलं, त्यातून पुढे पाण्याचे नमुने तपासणं सुरू झालं, आणि २०१३ साली ते गेले तोवर महंतपद आणि फाउंडेशन दोन्ही त्यांच्याकडे होतं. लोक म्हणतात, बघा, दोन खाती सांभाळणारा माणूस. मला आता वाटतं की त्यांच्याकडे खातं एकच होतं. खाती खरोखरच वेगळी असती तर आकडा वाईट आल्यावर महंताला दुखायचं कारण नव्हतं.

आणि दोन खात्यांच्या सोयीचं टोक कुठवर जातं ते महाडला दिसलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. १०८ घागरी पाणी उपसलं आणि दूध, दही, शेण, गोमूत्र भरलेली मडकी मंत्र म्हणत तळ्यात बुडवली. मी हे वर्गात सांगते, आणि मग पोरांना विचारते की बीओडीचं काय झालं? बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. पोरं क्षणभर थांबतात, मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, वाढला. अर्थात वाढला. दूध तर सांडपाण्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन खातं. माणसांच्या ओंजळीनं बिघडलेलं पाणी शेणानं सुधारलं, असा तो हिशेब. तिथे विटाळ पाण्याला लागलेला नव्हताच. आपल्या इतिहासात पाण्याचं पावित्र्य हे बरेचदा पाण्याबद्दल नव्हतं, पाण्यापाशी कुणी यायचं याबद्दल होतं. सासूबाईंचं वाक्य मी म्हणूनच हलकं धरत नाही. विटाळ माणसाला लागतो, नदीला नाही, या वाक्याचा अर्धा भाग भयंकर आहे आणि अर्ध्या भागात काहीतरी आहे. ते काहीतरी काय, हे मला कळायला एक पॅसेंजर गाडी लागली.

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापन केलेलं. साने गुरुजींचा काही काळ तिथे गेला. एका व्याख्यानाला गेले होते, परतताना नरडाणा, शिंदखेडा करत येणाऱ्या गाडीत आमचे संस्कृतचे निवृत्त सर भेटले. मी त्यांच्यापुढे माझं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी शांतपणे पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि म्हणाले, "मॅडम, पवित्र म्हणजे गाळणी."

मला वाटलं सर थट्टा करतायत. पण नाही. 'पू' या धातूपासून आलेला शब्द, आणि पवित्र हे मुळात साधनाचं नाव. ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोमरस गाळायची मेंढीच्या लोकरीची गाळणी. श्राद्धाला बोटात घालतात ती दर्भाची अंगठी, तिलाही पवित्रच म्हणतात. म्हणजे जे शुद्ध 'आहे' ते नव्हे, जे शुद्ध 'करतं' ते. नाम अवस्थेचं नाही, कामाचं आहे.

दोंडाईचा येईपर्यंत मी गप्प होते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मिरचीचा खकाणा नाकात गेला, शिंकत शिंकत घरी आले आणि स्वयंपाकघरात सासूबाई चहाची गाळणी ओट्याच्या कडेवर आपटत होत्या. टक, टक, टक. चोथा पडेना म्हणून उलटी करून नळाखाली धरली. गाळणीचं असंच असतं. ती तिचं काम करते म्हणूनच तुंबते. आणि गाळणीला वेग असतो. हळूहळू ओतलं तर पातेलंभर चहा गाळते, एकदम ओतला तर ओट्यावर वाहतो.

ज्या समीकरणाशी मी इतकी वर्षं झटत होते त्यात नेमकं हेच लिहिलं होतं.

ते समीकरण १९२५ सालचं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॅरोल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी ओहायो नदीसाठी मांडलं. पोरांना मी ते जमाखर्चानं शिकवते. नदीत घाण पडली की जिवाणू ती खातात आणि खाताना ऑक्सिजन खर्च करतात. खर्चाचा दर उरलेल्या घाणीच्या प्रमाणात. दुसऱ्या बाजूनं, पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन आत येत राहतो. ही जमा, आणि तिचा दर तुटीच्या प्रमाणात, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जितका कमी तितकी जमा जोरात. तूट कशी बदलते? खर्च वजा जमा. संपलं. एवढं एक अवकल समीकरण. ते सोडवलं की आलेख निघतो तो झोळीसारखा. घाण पडल्याच्या जागेपासून ऑक्सिजन खाली खाली जातो, एका ठिकाणी तळ गाठतो, आणि मग, कुणीही काहीही न करता, पुन्हा वर चढतो.

हा वर चढणारा भाग पहिल्यांदा फळ्यावर काढला तेव्हा मी स्वतः चपापले होते. वाहतं पाणी स्वतःला शुद्ध करतं हे आजी म्हणायची तेव्हा आम्ही सायन्सची मुलं हसायचो. ते समीकरणात आहे. नदी धुते. पाप म्हणा, सांडपाणी म्हणा, ती खाते, पचवते आणि पुढच्या गावाला पुन्हा नदी होऊन जाते. फक्त तिचे दोन दर आहेत आणि ते दोन्ही आपल्या हातात येऊन पडलेत.

एक हिशेब दाखवते. आकडे फळ्यावरचे आहेत, तापीचे नाहीत. समजा पाणी तीस अंश सेल्सियसला आहे. अशा पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम मावतो, वीस अंशाला नऊच्या वर मावतो. म्हणजे गरम देशातल्या नदीची शिदोरी मुळातच लहान. समजा खर्चाचा दर दिवसाला ०.२३ आणि जमेचा त्याच्या दुप्पट, ०.४६. वरून पाणी भरल्या ऑक्सिजननं आलं आणि तिथे लिटरमागे वीस मिलिग्रॅम ऑक्सिजन खाईल एवढी घाण मिसळली. तीन दिवसांनी झोळीचा तळ येतो. तूट पाच. साडेसातातून पाच गेले, उरले अडीच. स्नानाला नालायक, बहुतेक माशांनाही. आता घाण निम्मी करा, दहा. तूटही निम्मी, अडीच, आणि तळाला बरोब्बर पाच उरतात. ऑक्सिजनपुरता 'ब' वर्ग. देवीला निरोप द्या, बुडी मारा.

आता घाण दहाच ठेवा आणि नदीवर बंधारा घाला. पाणी तुंबलं, वेग निम्मा झाला, खोली दुप्पट झाली. ओकॉनर आणि डॉबिन्स यांनी १९५८ साली दिलेलं सूत्र असं सांगतं की जमेचा दर वेगाच्या वर्गमुळानं वाढतो आणि खोलीच्या दीड घातानं घटतो. वेग निम्मा आणि खोली दुप्पट, म्हणजे दर चौथाई, ०.११५. परत सोडवा. तळ आता तिसऱ्या नाही, सहाव्या दिवशी येतो आणि तूट येते पाच. उरले अडीच. जे वीस घाणीनं वाहत्या नदीचं झालं तेच दहा घाणीनं उभ्या नदीचं झालं. सांडपाणी निम्मं केल्याचा सगळा खटाटोप बंधाऱ्यानं गिळला.

पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी तीनदा तपासलं. मग खडू ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. कारण आमच्या तापीवर एकापाठोपाठ एक तीन बॅरेज आहेत. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा. पलीकडे गुजरातेत उकाईचं धरण. सारंगखेड्याच्या पुलावरून आता कधीही गेलं तरी तापी भरलेली दिसते, आरशासारखी. दत्तजयंतीच्या यात्रेला घोडे बघायला आलेले पाहुणे म्हणतात, वा, काय नदी आहे. लहानपणी मी पाहिलेली तापी उन्हाळ्यात खडकांतून खळखळ जायची. गुडघाभर, पण वाहती. तेव्हा आम्हाला ती गरीब वाटायची.

यातून लगेच बॅरेज फोडा म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझ्या भावाची पपई त्याच पाण्यावर उभी आहे. शहाद्याकडच्या त्या बागा, तो ऊस, त्या केळी, ज्यांनी पाण्यासाठी तीस वर्षं वाट पाहिली त्यांना मी झोळीचा आलेख दाखवायला गेले तर ते चहा पाजून परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक असायला हवी की पाणी अडवताना आपण नुसतं पाणी अडवलं नाही. नदीचं धुण्याचं सामर्थ्यही अडवलं. पवित्र म्हणजे गाळणी असेल तर आपण गाळणीच्या जाळीची भोकं बुजवली, आणि वर तिच्यात दुप्पट ओतून विचारतो आहोत की चहा कडू का.

तापीच्या माहात्म्याबद्दल आमच्याकडे एक जुनी समजूत आहे. गंगेत स्नान करावं लागतं, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, पण तापीचं नुसतं स्मरण पुरतं. सूर्याची आणि छायेची लेक, शनीची बहीण. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती, मुलताईला तिचा उगम, आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपाशी समुद्राला मिळते. प्रकाशाला, जिथे गोमाई तिला मिळते आणि ज्याला आम्ही दक्षिण काशी म्हणतो, तिथे १९५५ च्या सुमारास बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. म्हणजे त्या घाटावर माणूस निदान तीन हजार वर्षं आंघोळ करतोय. सूर्यकन्येच्या कथेतलं ऊनही समीकरणात येतं. पाणी दहा अंशांनी तापलं की खर्चाचा दर दीडपटीहून जास्त होतो. शिदोरी लहान आणि भूक मोठी. ओहायोसाठी मांडलेलं गणित खान्देशच्या वैशाखात लावताना हे विसरून चालत नाही.

नमुन्याचंही तसंच. बीओडीची बाटली जगभर पाच दिवस अंधारात ठेवायची रीत पडली ती इंग्लंडच्या सांडपाणी आयोगामुळे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला पोचतं, म्हणून पाच. पुढे आपल्याकडे ते बदलून सत्तावीस अंशाला तीन दिवस केलं. मला हे फार आवडतं. विज्ञानाचा स्थिरांक म्हणून पाठ केलेला आकडा कुणाच्या तरी देशाचा भूगोल निघतो. आमच्या घरी कानबाईच्या रोटांचे गहू माणशी सव्वा मूठ घेतात. माणशी म्हणजे पुरुषामागे. बायका मोजत नाहीत. मूठ कुणाची, सव्वा का, बायका का नाहीत, हे लग्न होऊन आल्यावर मी विचारलं होतं आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "आसंच शे." प्रयोगशाळेतही बरंच काही 'आसंच शे' असतं, फक्त ते छापलेलं असतं.

पाण्याचा गुणवत्ता निर्देशांक घ्या. नदीचं आरोग्य शंभरपैकी किती, असा एकच आकडा देणारा. आपल्याकडे तो चार गोष्टींवरून काढतात, आणि प्रत्येकीला वजन ठरलेलं. विरघळलेला ऑक्सिजन ०.३१, विष्ठेतले कोलिफॉर्म ०.२८, सामू ०.२२, बीओडी ०.१९. बेरीज बरोब्बर एक. त्रेसष्टच्या वर गेला तर चांगलं, पन्नासच्या खाली वाईट. ही वजनं स्वर्गातून पडली नाहीत. मूळ निर्देशांक १९७० साली अमेरिकेत झाला तेव्हा १४२ तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवून, मतं घेऊन वजनं ठरली. म्हणजे कौलच लावला, सुशिक्षित माणसांचा. माझी तक्रार नाही, दुसरं करणार काय? पण त्या चार वजनांत मासा कुठेच नाही. कासव नाही. काठावरचा भोई नाही. आणि जी बाई त्या पाण्यात हात जोडून उभी राहते तिचं वजन शून्य.

भोयाचं मात्र स्वतःचं मोजमाप असतं. सारंगखेड्याला एका म्हाताऱ्या भोयाशी बोलत होते. नदी कशी आहे विचारलं तर त्यानं जाळ्यात काय येतं ते सांगितलं. मरळ येतो, मांगूर येतो, चिलापी तर ढिगानं. वाम कमी झाली. त्याला ऑक्सिजनचं नाव ठाऊक नव्हतं, पण मरळ आणि मांगूर हे दोन्ही मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेणारे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्यांचं भागतं. म्हणजे तो मला झोळीचा तळच सांगत होता, माझ्याहून चांगल्या यंत्रानं.

माझ्या समीकरणाला हे दिसत नाही. त्याला शेवाळं दिसत नाही, तळाचा गाळ दिसत नाही, शेतातून येणारं खत दिसत नाही. जिवाणूंबद्दल ते अवाक्षर काढत नाही. ऑक्सिजन झोळीतून वर आलेल्या पाण्यातही जुलाबाचे जंतू असू शकतात. आणि ते जंतू मोजण्याची जी रीत आहे तिचं नावच 'सर्वांत संभाव्य संख्या' आहे. मोजलेली नव्हे, संभाव्य. या नम्रतेबद्दल मला शास्त्राचं कौतुक वाटतं. आमच्या अमरावतीला तर समीकरण लागूच होत नाही. फेब्रुवारीनंतर तिच्यात मिसळायला पाणीच नसतं. गटाराचं पाणी हीच नदी. ज्या गाळणीतून काहीच वाहत नाही ती पवित्र की अपवित्र, हे ना वेद सांगतात ना फेल्प्स.

पण आस्तिकांची बाजू जितकी सोपी मानली जाते तितकी ती सोपी नाही. 'गंगेला विटाळ नाही' म्हणणाऱ्या परंपरेतच पाण्यात काय टाकू नये याची यादी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष टाकायला मनाई आहे. हो, तीच मनुस्मृती, जी त्याच महाडात त्याच १९२७ च्या २५ डिसेंबरला जाळली गेली, आणि जाळायला हवीच होती. पुस्तक जळलं याचं मला दुःख नाही. एवढंच लक्षात येतं की नदीला काही होत नाही असं त्या जुन्या लोकांनाही वाटत नव्हतं. वाटत असतं तर मनाई कशाला केली असती?

जी. डी. अग्रवाल यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आयआयटी कानपूरमध्ये पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. मर्यादा, वर्ग, तक्ते ही सगळी भाषा ज्यांच्या हातून घडली त्यांतले एक. म्हातारपणी त्यांनी संन्यास घेतला, स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले, आणि गंगा वाहती राहावी, अविरल राहावी, यासाठी २०१८ च्या जूनमध्ये उपोषणाला बसले. १११ दिवसांनी, ११ ऑक्टोबरला गेले. लोक म्हणाले, इंजिनिअर शेवटी भाबडा झाला. मला ते उलटं दिसतं. त्यांनी मागितलं काय? निर्मळपणाच्या आधी वाहतेपण. ज्यानं जमेचा दर आयुष्यभर शिकवला त्यानं मरताना तोच मागितला, फक्त भगव्या कपड्यात. त्याच वर्षी मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली होती. एकूण ३५१ पट्टे, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्यात तापी आहे.

आधीच्या वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला होता, २० मार्च २०१७ ला. महाडची तारीख, योगायोगानं. चार महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. व्यक्ती म्हटल्यावर पुराचा दावा कुणावर लावायचा, असल्या अडचणी निघाल्या. मला त्या निकालाचं फारसं कौतुक नव्हतं आणि स्थगितीचंही दुःख झालं नाही. नदीला माणूस केलं की तिला माणसाचा विटाळही लागणार. आमच्या सासूबाईंनी ते आधीच सांगून ठेवलंय. मला ती गाळणी म्हणून जास्त कळते. गाळणीची पूजा करायला हरकत नाही. दसऱ्याला आपण विळा, कुऱ्हाड, मोटरसायकल, सगळ्याची करतो. पण पूजा करून कुऱ्हाडीला धार येत नाही, धार लावावी लागते.

उरलेल्या दोन बाटल्या मी कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये अंधारात ठेवल्या होत्या. सत्तावीस अंश, तीन दिवस. गुरुवारी सासूबाई म्हणाल्या, मी बी येस. रिक्षानं आणलं. प्रयोगशाळेत त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी काही बोलले नाही.

पहिली बाटली काढली. मॅंगनीज, अल्कली, साका. सोमवारच्या बाटलीपेक्षा फिका, हे त्यांनीच ओळखलं. आम्ल टाकल्यावर साका विरघळला आणि पाणी सोनेरी पिवळं झालं. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत गेले, पिवळा रंग गवती झाला तेव्हा स्टार्चचे दोन थेंब टाकले. मक्याच्या स्टार्चसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात हे सांगायला नको, पण त्यांनी तो पांढरा द्राव पाहून खीर आहे का विचारलं. टाकल्याबरोबर सगळं गडद निळं.

"आते?"

आता हा निळा रंग जाईपर्यंत एकेक थेंब, मी म्हटलं. निळा गेला की थांबायचं, ब्युरेटवरचा आकडा वाचायचा.

त्या स्टुलावर बसल्या आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत थेंब मोजू लागल्या. त्याची गरज नव्हती, काचेवर रेघा असतात. पण मी सांगितलं नाही. एक, दोन, तीन. फ्लास्क गोल फिरवत राहिले. निळा आकाशी झाला. अकरा. बारा. तेराव्या थेंबाला क्षणभर काही झालं नाही आणि मग रंग एकदम गेला, जणू कधी नव्हताच.

मी आकडा वहीत लिहिला. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं, अक्षरं त्यांना येत नाहीत, आकडे येतात. बराच वेळ पाहत राहिल्या. सोमवारचा आकडा वरच्या ओळीत होता. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं, वजाबाकी मनातच केली असावी. मग माझ्याकडे न बघता इन्क्युबेटरच्या दाराकडे हात केला.

"एकच बाटलीवर इसवास ठेवस का तू? दुसरी काढ."

मी दुसरी काढली.